आबांचा बॅकअप

मराठी मध्यमवर्गीय घरात माणूस गेला की त्याच्या वस्तूंचं काय करायचं, याचे साधारण तीन नियम असतात. कपडे-अंथरूण तेराव्याच्या आसपास कुणाला तरी देऊन टाकायचं. सोनंनाणं, पासबुकं आणि सात-बारा यांचा सोक्षमोक्ष वर्षाच्या आत लावायचा. आणि उरलेलं सगळं माळ्यावर. या तिसऱ्या प्रकाराचं पुढे काय होतं? घर पाडायला काढेपर्यंत काहीही होत नाही. घर पाडायला काढलं की एका दुपारी भंगारवाला काटा घेऊन दारात उभा राहतो आणि माणसाच्या ऐंशी वर्षांचा भाव किलोवर ठरतो.

आमच्याकडे सध्या हा शेवटचा अंक चालू आहे. सातारा जिल्ह्यात पाटणजवळ आमचं गाव. तिथलं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, २०२३ मध्ये गेले. त्र्याऐंशी वर्षांचे होते. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आहे, आणि ती ट्रंक नव्या घरात जाणार की भंगारात, यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

काकांचा पक्ष म्हणतो, सगळ्याचे फोटो काढा, वह्या स्कॅन करा, एक फोल्डर करून सगळ्यांना लिंक पाठवा आणि वस्तूंना निरोप द्या. आत्याचा पक्ष म्हणतो, एक टाचणीसुद्धा हलवायची नाही, नव्या घरात आबांची वेगळी खोली करा. आजीला पक्ष नाही. ती दोन्हीकडचं ऐकून घेते, "ह्यांचं आहे ते, ह्यांनाच विचारा" म्हणते आणि चहा टाकायला उठते.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे काकांनी मला आपल्या बाजूचा धरूनच टाकलं होतं. स्कॅनर मीच नेला, फोल्डरही मीच केलं. पण माझं मत काकांच्याही बाजूचं नाही आणि आत्याच्याही नाही. ते सविस्तर मांडावं म्हणून हा शनिवार खर्ची घातलाय. कारण हा प्रश्न फक्त आमच्या ट्रंकेचा नाही. आज पंचविशी-तिशीत असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाकडे अशी एक ट्रंक, एक कपाट किंवा निदान बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहेच.

आधी आबांबद्दल थोडं. आबा एसटीत कंडक्टर होते. आपल्याकडे एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी धावली. आबा १९६३ मध्ये लागले आणि १९९८ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पस्तीस वर्षं. त्यातली बरीचशी कराड-चिपळूण रस्त्यावर, म्हणजे पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पावसाळ्यात या घाटातून गेला असाल तर तुम्हाला कल्पना येईल.

आजच्या कंडक्टरच्या हातात मशिन असतं. बटण दाबलं की तिकीट बाहेर. आबांच्या वेळी पत्र्याचा ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीनं लावलेले. भाडं जेवढं तेवढी तिकिटं जुळवून फाडायची, पंचनं भोक पाडायचं, पैसे कातड्याच्या बॅगेत टाकायचे आणि सगळ्याचा हिशेब वेबिलावर भरायचा. संध्याकाळी डेपोत रोकड आणि वेबिल जुळलं पाहिजे. कमी भरलं तर खिशातून घालायचे. मध्येच चेकिंगवाले चढले आणि गाडीत एक जरी माणूस बिनतिकिटाचा निघाला, तर कंडक्टरची चौकशी. हे सगळं हलत्या गाडीत, एका हातानं दांडा धरून, कोंबड्या आणि गाठोडी ओलांडत. आपण एसीत बसून 'मल्टिटास्किंग' असा शब्द वापरतो तेव्हा मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

या नोकरीनं आबांना पक्कं हिशेबी करून टाकलं होतं. घरात त्यांचं टोपणनाव 'चेकर'. दुकानातून काही आणायला पाठवलं की परत आल्यावर उरलेले पैसे त्यांच्या तळहातावर मोजून ठेवायचे, आठ आण्यांसुद्धा. काका कॉलेजात असताना चार रुपयांचा हिशेब लागेना म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोलणं बंद होतं म्हणे. ही गोष्ट काका आजही सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

तर अशा माणसाच्या ट्रंकेत काय निघालं? एक एचएमटी जनता घड्याळ. सुपारीचा अडकित्ता. एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. एका चौकोनी डब्यात पाच, दहा, वीस आणि पंचवीस पैशांची नाणी. पोथीत खुणेसाठी घातलेली जुनी तिकिटं. एकतीस डायऱ्या. आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली एक पावती.

पावतीपासून सुरुवात करतो. ती १९९८ ची आहे. निवृत्त होताना महामंडळाच्या ज्या वस्तू आबांनी परत केल्या त्यांची ही पोच. तिकीट ट्रे एक, पंच एक, कातडी बॅग एक, शिट्टी एक. खाली सही-शिक्का. ज्या वस्तू पस्तीस वर्षं त्यांच्या अंगावर होत्या त्यातली एकही घरात नाही. एखादा पंच 'हरवला' म्हणून घरी ठेवणं काही अवघड नव्हतं. फार तर थोडे पैसे कापले गेले असते. त्यांनी ठेवला नाही. ठेवली ती पावती.

मला स्वतःला ट्रंकेतली ही सर्वांत मोलाची वस्तू वाटते. फोल्डरमध्ये तिचा फोटो आहे, पण तो बघून कुणाला काही कळत नाही. चुलतभावानं विचारलं, "हे बिल कसलंय?" त्याचं काही चुकलं नाही. फोटोत अक्षरं आली. पंचवीस वर्षं ती पावती जपून का ठेवली, हे फोटोत येत नाही.

इथून माझा पहिला मुद्दा सुरू होतो. आपल्या धंद्यात सारखं सांगितलं जातं की डेटा आणि त्याचा संदर्भ या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलमचं नाव उडालं की खाली दहा लाख आकडे असूनही त्यांना अर्थ उरत नाही. घरातल्या वस्तूंचंही तेच. एचएमटीचं घड्याळ घ्या. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं ही घड्याळं बनायला लागली. जनता हे त्यातलं किल्लीचं, साधं, पांढऱ्या तबकडीचं मॉडेल. एके काळी लग्नात जावयाला एचएमटी देणं म्हणजे मान असायचा. घड्याळांचा हा व्यवसाय बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. ही झाली जगाची माहिती, ती कुठेही मिळते. पण आबांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं की हे घड्याळ त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतलं, कारण त्याआधी गाडीची वेळ ते ड्रायव्हरच्या घड्याळावर लिहायचे, आणि "दुसऱ्याच्या घड्याळावर आपली सही करायची नसती रं" असं त्यांना वाटायचं. या एका वाक्यामुळे ते घड्याळ माझ्यासाठी आबांचं आहे. वाक्य नसतं तर एचएमटीचं होतं.

आता अडकित्ता बघा. पितळी, जड, सुंदर आहे. पण तो कुणाचा, कुठून आला, आबांच्या वडिलांचा की आजीच्या माहेरचा, कुणालाच सांगता येत नाही. आबा सुपारी खात नसत. त्यामुळे तो फक्त अडकित्ता आहे.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे कितीतरी अडकित्ते आहेत. दिवे, दौती, भांडी, कुलपं, सगळं रोजच्या वापरातलं. दिनकर केळकरांनी ('अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे तेच हे) आयुष्यभर फिरून हे गोळा केलं, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्याला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. बघितलं नसेल तर जरूर बघा. एका बापानं मुलाच्या आठवणीसाठी जमवलेल्या या वस्तू, पण त्या मुलाच्या नाहीत. त्या कुणाच्या होत्या हे आता कळायला मार्ग नाही. कोणता प्रांत, साधारण कोणता काळ, एवढंच उरतं. संग्रहालयाचं ते कामच आहे, ते एका काळाला जपतं. एका माणसाला जपणं हे घरानंच करायचं काम आहे. आणि आत्याच्या 'वेगळ्या खोली'ला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. संदर्भाशिवाय खोलीभर वस्तू ठेवल्या तर आपण आबांना जपत नाही, १९७० साल जपतो. माझ्या मुलांना त्या खोलीत शिरल्यावर 'जुनं सामान' दिसेल. त्यांच्या मुलांना तेवढंही नाही.

मग काकांचा मार्ग बरोबर का? स्कॅन करा आणि सोडा? इथे डायऱ्यांची गोष्ट सांगायला हवी.

आबांच्या डायऱ्या १९६३ पासूनच्या. मधल्या काही वर्षांच्या नाहीत, घरातल्या गळक्या कौलांनी त्या खाल्ल्या. 'प्रिय डायरी' असला प्रकार नाही. प्रत्येक पानावर गाडी, फेरी, भरलेली रोकड, घरखर्च. भावनेला जागाच नाही. ११ डिसेंबर १९६७ चं पान काढून बघितलं. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आबांच्या रोजच्या रस्त्यावरचं गाव ते. त्या पानावर चार शब्द आहेत : "भूकंप. गाडी सुटली नाही." पुढच्या काही दिवसांची पानं कोरी, आणि मग पुन्हा फेरी, रोकड, खर्च.

पण या डायऱ्यांत प्रत्येक पानाच्या तळाशी, एक रेघ मारून खाली, वेगळ्या नोंदी आहेत. 'हेळवाकची म्हातारी ०.४०'. 'शाळेची दोन पोरं ०.३०'. 'दवाखान्याची बाई, मूल कडेला ०.५५'. स्कॅन करताना आधी वाटलं उधारी असेल. पण कंडक्टरला उधारी देता येत नाही. मग आजीनंच उलगडा केला. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नसत त्याला आबा गाडीतून उतरवत नसत, आणि बिनतिकिटाचं बसूही देत नसत. ते पूर्ण तिकीट फाडायचे, पंच करायचे, त्या माणसाच्या हातात द्यायचे, आणि पैसे आपल्या खिशातून बॅगेत टाकायचे. काही जण पुढच्या खेपेला आणून द्यायचे. त्या नोंदीपुढे 'जमा' लिहिलेलं असे. बाकीच्यांपुढे काही नाही.

मी एका वर्षाच्या नोंदी एक्सेलमध्ये चढवल्या (सवय जात नाही). १९६८ साली अशा ११२ नोंदी आहेत. एकूण ४१ रुपये ३५ पैसे. 'जमा' लिहिलेल्या फक्त एकतीस. त्या वेळी आबांच्या हातात महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास पगार येत होता आणि घरात खाणारी माणसं सात. म्हणजे महिन्याच्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा, आठ आण्यांचा हिशेब मागणाऱ्या माणसानं, त्या एका वर्षात अनोळखी लोकांच्या तिकिटांवर घातला.

आता यावरून 'बाहेरून कठोर, आतून मऊ' छापाचा निष्कर्ष काढू नका, फणसाची उपमा तर अजिबात देऊ नका. मला तसं मुळीच वाटत नाही. काकांचे दोन दिवस खरे आहेत आणि हेळवाकची म्हातारीही खरी आहे. दोन्ही नोंदी एकाच हातानं, एकाच पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत. नियम मोडायचा नाही, आणि नियमाचा भार समोरच्या गरिबावर टाकायचा नाही. तो भार कुणीतरी उचलायचा, तर मग आपण. ज्याला दुसऱ्याचे चाळीस पैसे असे भरायचे आहेत त्याला घरातले आठ आणे मोजावेच लागतात. आबांचा हिशेबीपणा आणि त्यांचं देणं मला तरी वेगळं काढता येत नाही.

काकांना हे एक्सेल दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "एवढं होतं तर सांगायचं ना कधीतरी." आणि मोबाईल मला परत दिला. ते अजून ट्रंकेच्या विरोधातच आहेत, पण डायऱ्या त्यांनी आपल्या पिशवीत घालून पुण्याला नेल्यात. मूळ डायऱ्या. स्कॅन त्यांच्याकडे होतेच की!

हा विरोधाभास मला महत्त्वाचा वाटतो. स्कॅनमध्ये सगळी अक्षरं आहेत. पण फोल्डरची लिंक ज्या बावीस नातेवाइकांना गेली त्यातल्या किती जणांनी ते उघडलं? सुरुवातीच्या आठवड्यात पाचेक जणांनी. त्यानंतर कुणी नाही. कारण फोल्डर कुणाच्या वाटेत येत नाही. त्याला धक्का लागत नाही, ते साफसफाईत खाली पडत नाही, पाहुण्यांचं पोर ते उघडून "हे काय आहे?" विचारत नाही. वस्तू अडचण करते, हाच तिचा उपयोग आहे. स्कॅन हा बॅकअप आहे आणि तो हवाच, माझा त्याला शंभर टक्के पाठिंबा आहे. पण आपल्यातल्या कुणालाही विचारा, बॅकअप म्हणजे चालू सिस्टिम नव्हे. जो बॅकअप कुणी कधी रिस्टोअर करून बघितला नाही, तो आहे की नाही हेही सांगता येत नाही.

आणि डिजिटल म्हणजे कायमचं, हा तर आपला सगळ्यांत लाडका गैरसमज. याचा पुरावा आबांच्या पोथीतच मिळाला. पोथीत खुणेला घातलेली सत्तरच्या दशकातली तिकिटं पातळ, रंगीत कागदाची, आबांनी स्वतः प्रवासी म्हणून काढलेली. आजही नंबर वाचता येतो, पंचाचं भोक मोजता येतं. त्यांच्या शेजारी चार पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या, पूर्ण कोऱ्या. आजी म्हणाली, ही पण तिकिटंच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तरी आबा शून्य रुपयांचं तिकीट घेतल्याशिवाय सीटवर टेकत नसत. ती तिकिटं मशिनवर छापलेली. थर्मल कागदात शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि उष्णता लागेल तिथं काळं उमटतं. ऊन, दमट हवा, प्लास्टिकचं पाकीट, कशानंही ते उडून जातं. पन्नास वर्षांपूर्वीचं तिकीट वाचता येतं आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचं कोरं!

हे फक्त कागदाचं नाही. शेवटची काही वर्षं आबांकडे स्मार्टफोन होता. सकाळी सहाला ते ग्रुपवर 'राम कृष्ण हरी' टाकायचे. ते गेल्यावर नंबरचं रिचार्ज कुणी केलं नाही. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं. एके दिवशी ग्रुपवर ओळ आली की आबांनी ग्रुप सोडला. आजी तेव्हा आत्याच्या मोबाईलवर नातीचे फोटो बघत होती. तिला वाचून दाखवायचं की नाही, हे कुणालाच सुचेना. पुढे तो नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला. आता आबांच्या नावानं सेव्ह असलेल्या नंबरावर मोटरसायकलवर बसलेल्या एका गॉगलवाल्या तरुणाचा फोटो दिसतो. त्याला सुखी ठेवा, त्याचा काही दोष नाही. पण आबांचे सहाशे-सातशे 'राम कृष्ण हरी' गेले, आणि चाळीस पैसे ५७ वर्षं राहिले.

आता तुम्ही म्हणाल, सगळं पटलं रे बाबा, पण ठेवायचं कुठं? खराडीतल्या वन बीएचकेत माझ्या स्वतःच्या बॅगा पलंगाखाली आहेत, त्यात आजोबांची ट्रंक कुठं बसवू? रास्त आहे. मीही भाड्यानंच राहतो. अकरा महिन्यांनी घर बदलायचं तर प्रत्येक वस्तू म्हणजे टेम्पोत एक खोकं जास्त. आणखी एक गंभीर आक्षेप : गेलेल्या माणसाच्या वस्तूंत अडकून पडणं हेही बरं नव्हे. आपल्याकडे कपडे लगेच देऊन टाकतात त्यामागे शहाणपण आहे. जिवंत माणसांनी श्वास घ्यायला जागा लागते. हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा तोडगा फार छोटा आहे.

एक. प्रत्येकानं एकच वस्तू घ्यावी, आणि ती वापरावी. शोकेसमध्ये नाही, वापरात. एचएमटी मी घेतलंय. घड्याळजीनं साफ करून तेल दिलं, आता रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. दिवसाला मिनिटभर मागे पडतं, ते रोज जुळवून घेतो. ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "हे कुठलं रे मॉडेल?" आणि मग मला ड्रायव्हरच्या घड्याळाची गोष्ट सांगावी लागते. आतापर्यंत नऊ-दहा जणांना सांगून झालीय. फोल्डरनं हे केलं असतं?

दोन. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी. वस्तू कुणाची, कुठून आली, कशाला वापरली, आणि हे सांगणारा कोण. चार ओळी पुरे. हाताने, बॉलपेननं, साध्या कागदावर लिहा (थर्मल कागद नको!). पावतीसोबत मी अशी चिठ्ठी ठेवलीय. अडकित्त्याच्या चिठ्ठीवर प्रामाणिकपणे 'माहीत नाही' लिहिलंय आणि तो खुशाल कुणालातरी देऊन टाका असंही. ज्या वस्तूची चिठ्ठी लिहिता येत नाही ती भंगारात गेली तरी माझी हरकत नाही. ट्रंकेचा निम्मा भार इथेच कमी होतो, म्हणजे काकाही खूश.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. चिठ्ठी माणूस असतानाच लिहून घ्या. आपल्याकडे कुणी राजीनामा दिला की नोटीस पिरियडमध्ये केटी होते. दोन वर्षं काम केलेल्या पोराकडून आपण महिनाभर बसून सगळं उतरवून घेतो, का तर तो गेल्यावर प्रॉडक्शन बंद पडू नये. आणि ऐंशी वर्षं घर चालवलेल्या माणसाची केटी? त्याचा नोटीस पिरियड किती दिवसांचा हे कुणीच सांगत नाही. यासाठी मुलाखतबिलाखत घ्यायची गरज नाही. मोबाईलचा रेकॉर्डर समोर ठेवून 'तुमचं बालपण सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं भाषण करतात. वस्तू हातात देऊन विचारा. "ही किसणी कुठून आली?" म्हटलं की आजी तीन गावं, दोन भांडणं आणि एक लग्न सांगते.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःबद्दल. आपण मागे काय ठेवणार आहोत? आपल्या वस्तू दर दोन-तीन वर्षांनी एक्स्चेंजमध्ये जातात. उरतं ते पासवर्डच्या मागे. गूगलवर 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय २०१३ पासून आहे. आपण ठरावीक काळ दिसलो नाही तर खात्यातलं काय कुणाला द्यायचं, ते आधीच सांगून ठेवता येतं. ॲपलनं डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट'ची सोय दिलीय. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपल्या वतीनं हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. पीएफला नॉमिनी टाकताना आपण दहा वेळा स्पेलिंग तपासतो. आठवणींना नॉमिनी टाकायला पाच मिनिटं लागतात. टाकून ठेवा. आणि दोन वर्षं हात न लावलेली खाती गूगलनं डिसेंबर २०२३ पासून पुसायला घेतलीत, हेही ध्यानात असू द्या.

घराचं काम दिवाळीनंतर सुरू होईल. ट्रंक कुठं जाणार हे अजून ठरलेलं नाही. आत्या अडून आहे, काका डायऱ्या परत आणायचं नाव काढत नाहीत, आणि पुढच्या रविवारी सगळे गावी जमून चिठ्ठ्या लिहायचं ठरलंय. आजी सांगणार, आम्ही लिहिणार. काकांनी फोनवर विचारलं, "कागद आणू का?" म्हटलं, आणा. आणि पेन्सिल नको, पेन आणा.

तुमच्या घरी विचारण्यासारखं कुणी असेल तर या रविवारचा फोन 'जेवलात का'वर संपवू नका. पुढे एक प्रश्न जोडा. कुठल्याही एका वस्तूबद्दल. आणि उत्तर आलं की लिहून ठेवा, त्याच दिवशी.